खांदेरीवर एक दिवा आधीपासून आहे

प्रति,
मुंबई बंदर प्राधिकरण,
दीपस्तंभ आणि दीपपोत महासंचालनालय,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन,
तसेच रायगड जिल्हा प्रशासन यांस

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५मध्ये बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात थळसमोरचा खांदेरी आहे. १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी बेटावर उतरले, मुंबईकर इंग्रजांचा आणि सिद्दीचा विरोध मोडून तट उभा राहिला आणि पुढच्या जानेवारीत इंग्रजांना माघार घ्यावी लागली. हा इतिहास जगाने मान्य केला याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

यादीत नाव आलं की पाठोपाठ धक्का, स्वच्छतागृहं, माहितीफलक, रोषणाई, ध्वनिप्रकाश कार्यक्रम यांची बोलणी सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी लागतीलही. पण या बेटावर १८६७पासून एक दीपगृह आहे, आणि बेटाबद्दलच्या आजच्या चर्चेत ते फोटोच्या पार्श्वभूमीपुरतं उरलं आहे. नामांकनाचा विषय मराठ्यांचा लष्करी वारसा असल्यामुळे इंग्रजी अमलात बांधलेला मनोरा त्यात ठळक नसणार, हे आम्हाला समजतं. एका कागदात तो बसत नाही म्हणून आराखड्यातूनच गळावा, हे मात्र आम्ही मुकाट्याने पाहू शकत नाही. आम्ही दीपगृहांची भिंगं, यंत्रं आणि नोंदवह्या यांच्यात वर्षानुवर्षं हात घातलेली माणसं आहोत. तटाचा ढासळलेला दगड नव्याने बसवता येतो. दीपगृहातलं एखादं भिंग चुकीच्या हाताने उतरवलं, तर ते पुन्हा जुळत नाही.

आधी या दिव्याचं काम काय ते सांगतो, कारण आमच्या तक्रारी त्यातूनच येतात. खांदेरीचा दिवा लागला तेव्हा सुएझ कालवा खुला व्हायला दोन वर्षं होती. त्यानंतर मुंबईकडे येणाऱ्या आगबोटींची संख्या वाढत गेली आणि १८७५मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेला पाण्यात शिरलेल्या खडकावर प्राँग्जचा मनोरा उभा राहिला. या दोन दिव्यांकडे एकत्र पाहायला हवं. एका दिव्यावरून तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, फक्त दिशा कळते, आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते कळत नाही. दोन दिव्यांच्या दिशा घेऊन नकाशावर दोन रेघा मारल्या, की त्या जिथे छेदतात तिथे आपली बोट. दक्षिणेचा खांदेरी आणि उत्तरेचा प्राँग्ज अशी ही जोडी आहे. उपग्रहावर चालणारं यंत्र आज प्रत्येक ट्रॉलरवर असतं, ते बंद पडतं, त्याचा सिग्नल बिघडतो, आणि तेव्हा डोळ्यांना दिसणारी खूण हीच खात्री उरते.

दिवा किती लांबून दिसेल, हे आधी पृथ्वीचा गोलावा ठरवतो. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं मिळवायची आणि २.०३ने गुणायचं. उत्तर सागरी मैलांत येतं. हिशेबाला सोपं म्हणून दिवा ४९ मीटरवर आणि डोळा ४ मीटरवर धरा: सात अधिक दोन, नऊ, म्हणजे सुमारे १८ सागरी मैल. छोट्या होडीत डोळा १ मीटरवर असेल तर १६. नुसती ज्योत एवढ्या लांब दिसत नाही. तिचा चहूकडे विखुरणारा उजेड गोळा करून क्षितिजाच्या पातळीत आडवा फेकावा लागतो, आणि ते काम भिंग करतं. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२०च्या दशकात जाड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक रचली. मधली कडी उजेड वळवतात, वरची आणि खालची कडी तो आतल्या आत परावर्तित करून बाहेर काढतात. भिंगांचे दर्जे नाभीय अंतरावर ठरतात: पहिल्या दर्जाचं ९२० मिलिमीटर, दुसऱ्याचं ७००, तिसऱ्याचं ५००, चौथ्याचं २५०. पहिल्या दर्जाच्या भिंगाच्या आत माणूस उभा राहू शकतो.

आता लखलखाटाबद्दल. दूरवरून दिवा चमकताना दिसतो तेव्हा आतली बत्ती उघडझाप करत नसते, ती सलग जळत असते. फिरतं ते भिंग. समजा भिंगाला चार तावदानं आहेत आणि ते ४० सेकंदांत एक फेरा घेतं, तर समुद्रावरच्या माणसाला दर १० सेकंदांनी एक लखलखाट दिसतो. नकाशावर दिव्यापुढे हाच आकडा छापलेला असतो. खाली घट्ट झालेलं तेल, चाकाचा झिजलेला दाता किंवा दुबळी मोटर यांमुळे फेरा ६० सेकंदांवर गेला, तर लखलखाट १५ सेकंदांनी येऊ लागतो. दिवा पेटलेलाच असतो, पण तांडेलाच्या नकाशावर तो दुसराच दिवा होतो. भिंग पूर्ण थांबलं तर त्याहून वाईट. चार दिशांना चार प्रखर झोत स्थिर राहतात आणि मधला समुद्र अंधारात. किनाऱ्यावरून पाहणारा म्हणतो, दिवा तर लागलाय.

टनांवारी वजनाची ही काच एकसारख्या वेगाने फिरवायची कशी? आधी चाकांवर फिरवत. चाकं झिजत, घासत, वेग मंद ठेवावा लागे. १८९०च्या दशकात फ्रान्समधून पाऱ्याची युक्ती आली. गोल कड्यासारख्या हौदात पारा, त्यात तरंगणारा लोखंडी तरंगा आणि त्याच्यावर भिंग. पारा पाण्याच्या १३.६ पट घन असतो आणि हौद व तरंगा यांच्यातली फट अगदी अरुंद ठेवतात, म्हणून थोड्या पाऱ्यावर मोठं वजन तोललं जातं. नीट समतल केलेलं भिंग एका बोटाने ढकललं तरी फिरतं. फिरवायला घड्याळासारखी चावी असे. साखळीला टांगलेलं वजन मनोऱ्याच्या पोटातून खाली उतरे आणि पहारेकऱ्याला रात्रीतून अनेकदा ते हाताने वर ओढावं लागे. पुढे मोटर आली.

बत्तीही बदलत गेली. या देशातल्या दीपगृहांत एके काळी नारळाचं तेल जळे, मग वातीचे रॉकेलचे दिवे आले, आणि विसाव्या शतकात रॉकेलची वाफ जाळणारी बत्ती. ज्यांनी लग्नमांडवात पेट्रोमॅक्स पेटवली आहे त्यांना ती सांगायला नको: आधी स्पिरिट जाळून नळी तापवायची, मग पंपाने हवा भरायची, वाफ होऊन मेंटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, पांढरं लख्ख झालं की झडप जुळवायची. फरक आकाराचा. दीपगृहाचं मेंटल ५५ किंवा ८५ मिलिमीटरचंही असे. नळीत काजळी साचली की ज्योत पिवळी पडते, मेंटल काळवंडतं आणि लोलकांवर धूर बसतो. म्हणून पिन मारणं, सुटी नळी तयार ठेवणं आणि पहाटे भिंग पुसणं हा रोजचा नेम. त्यानंतर वीज आली, एक दिवा उडाला की दुसरा आपोआप जागेवर आणणारी यंत्रणा आली, आणि आता एलईडी.

आता तक्रारी.

पहिली रोषणाईची. गडावर रात्री झगमगाट करावा, ही हौस आम्ही समजू शकतो. पण अंधाराला सरावलेला डोळा तयार व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका फ्लडलाइटने तो क्षणात बिघडतो. दिवा ओळखू येतो तो भोवती काळोख असल्यामुळे. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या उंच इमारतींच्या उजेडात उत्तरेकडचे दिवे शोधणं आधीच अवघड झालं आहे. खांदेरीच्या तटावर वर तोंड करून दिवे लावले, तर मनोऱ्याभोवती कायमचा धुरकट उजेड राहील आणि दमट हवेत तो आणखी पसरेल. लेझरचा किंवा रंग बदलणारा झोत तर दूरवरून लखलखाटच वाटेल. समुद्रात लाल आणि हिरव्या दिव्याला ठरलेले अर्थ आहेत. तिथे सजावटीला रंग वापरणं म्हणजे चुकीची पाटी लावणं.

दुसरी तक्रार रंगाची आणि चुन्याची. मनोऱ्याचा रंग ही दिवसाची खूण असते. प्राँग्जचे आडवे पट्टे त्यासाठीच आहेत. रंग बदलायचा असेल तर तो आधी डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाच्या सूचनेत जावा लागतो. पर्यटनाच्या कंत्राटात ‘सुशोभीकरण’ या एका शब्दाखाली हे काम उरकता येत नाही. त्याहून मोठी भीती सिमेंटची. जुनी चिणाई चुन्याची असते. ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत अडकते, तिच्यातलं मीठ दगडाच्या पोटात स्फटिक होऊन फुगतं आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर दगडाचा पापुद्रा निघून येतो. मग लोक म्हणतात, इंग्रजांचं बांधकाम आता थकलं. बांधकाम थकलेलं नसतं. त्याचा श्वास आपण कोंडलेला असतो.

तिसरी, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त बोचणारी: भिंगाची आणि त्याच्याखालच्या पाऱ्याची. आम्ही एलईडीच्या विरोधात नाही. ती वीज कमी खाते, सौर पॅनेलवर चालते, वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. पण एलईडीचा कंदील बाहेरच्या कठड्यावरही बसवता येतो. त्यासाठी जुनं भिंग काढून टाकण्याची गरज नसते. फिरत्या भिंगाचा झोत दमट हवेत क्षितिजाखालून वर येताना दिसतो, दिवा प्रत्यक्ष दिसण्याआधीच आभाळात त्याची चाहूल लागते. चहूकडे सारखा उजेड टाकणाऱ्या छोट्या कंदिलातून ती चाहूल क्वचितच मिळते. हा फरक होडीवरचा माणूस मोजतो, निविदेतला रकाना मोजत नाही.

भिंग उतरवणं हे सुटे भाग काढण्याचं काम वाटतं, पण तसं नसतं. लोलक पितळी चौकटीत लिथार्जच्या पुट्टीने बसवलेले असतात. लिथार्ज म्हणजे शिशाचा ऑक्साइड. दीडशे वर्षांत ही पुट्टी कडक होते, तडकते. चौकट हलवली की लोलक मिलिमीटरभर सरकतो आणि त्याचा उजेड समुद्राऐवजी आभाळात जातो. प्रत्येक लोलकाला आणि चौकटीला क्रमांक घालून, फोटो काढून, जागेवरची मापं घेऊन मगच हात लावायचा असतो. साफसफाईचाही क्रम आहे: आधी मऊ कुंचल्याने कोरडी धूळ, मग पाण्यात पातळ केलेलं सौम्य द्रावण, मग धुतलेलं सुती कापड, शेवटी शॅमॉयचं मऊ कातडं. कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. पर्यटकाच्या बोटाचा ठसाही काचेवर कायमचा राहू शकतो.

दिवसा पडदे ओढलेले असलेच पाहिजेत. भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं. रात्री ते आतला उजेड बाहेर फेकतं, तसं दिवसा बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर गोळा करतं. थांबलेलं भिंग आणि उघडे पडदे यांच्यामुळे बत्तीचे भाग वितळू शकतात, लाकूड पेट घेऊ शकतं. ‘पाहुण्यांना आतून दिसावं म्हणून पडदे काढले’ असा सुधार कुणीही करू नये.

आणि पारा. जिथे जिथे तरंगतं भिंग आहे तिथे हा प्रश्न आहे. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, आणि मनोऱ्याच्या माथ्यावरच्या, उन्हाने तापलेल्या बंद काचघरात ती वाढते. धूळ आणि ऑक्साइड साचून पाऱ्यावर करडी साय येते, तरंगा जड होतो, मोटर गरम होते. पातळी उतरली तर तरंगा कडेला घासतो. पूर्वी तो पारा काढून शॅमॉय कातड्यातून गाळत, तेही उघड्या हातांनी. आज हे काम प्रशिक्षित माणसाने, योग्य मुखवटा घालून, हवा खेळती ठेवून आणि सांडलेला पारा गोळा करण्याचं साहित्य जवळ ठेवूनच करायला हवं. सांडलेल्या पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, त्याने तो हवेत पसरतो. भारताने पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराला २०१८मध्ये मान्यता दिली आहे. म्हणून काचघरात पर्यटकांना सोडण्याआधी हवेतल्या पाऱ्याचं मोजमाप व्हायला हवं. पारा आहे म्हणून भिंग भंगारात, हा त्याच्यावरचा उपाय नव्हे. तरंग्याखाली बेअरिंग बसवून भिंग जागच्या जागी ठेवता येतं.

चौथी तक्रार कायद्याची. १९२७चा दीपगृह कायदा जाऊन २०२१मध्ये सागरी दिशादर्शक साहाय्य कायदा आला. त्यात दीपगृहाला वारसा दर्जा देऊन शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी जपण्याची तरतूद आहे. ही चांगली तरतूद आहे. पण ती केंद्राच्या नियंत्रणाखालच्या साधनांबद्दल बोलते. खांदेरी आणि प्राँग्ज हे बंदराचे दिवे. गड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, दिवा बंदराकडे, कायदा केंद्राकडे. या तिघांच्या मधल्या फटीत भिंग पडून फुटू नये, एवढीच काळजी आहे. त्यातच लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहत आहे आणि तिथे ७७ मीटर उंचीचं दीपगृह संग्रहालय व्हायचं आहे. त्याला शुभेच्छा. मात्र तिथली दालनं भरण्यासाठी कोकणातल्या बेटांवरची यंत्रं हलवली जाऊ नयेत. भिंगाचा अर्थ त्याच्या उंचीशी, त्याच्या समुद्राशी जोडलेला असतो.

नोंदवह्यांबद्दल थोडक्यात. दीपगृहात दिवा लावल्याची आणि मालवल्याची वेळ, वारा, दृश्यमानता, तेलाचा खर्च, बिघाड हे सगळं रोज लिहिलं जातं. हवामान आणि जहाजांच्या इतिहासाला याहून नेमका कागद मिळणार नाही. खारट दमट हवेत कागद टिकत नाही, आणि यंत्रणा दुरून चालवली जाऊ लागली की कपाटं रिकामी करण्याची घाई होते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. खांदेरी आणि प्राँग्ज येथील भिंग, बत्ती, फिरवण्याची यंत्रणा, पाऱ्याचं प्रमाण आणि नोंदवह्या यांची फोटोसह यादी जाहीर करावी. ती होईपर्यंत कोणताही भाग बेटाबाहेर नेऊ नये.

२. गडाच्या आराखड्याच्या समितीत दीपगृह यंत्रणेचा एक जाणकार अभियंता आणि थळच्या कोळी बांधवांचा एक प्रतिनिधी असावा. रात्री ही खूण कोण वापरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

३. सूर्यास्तानंतर बेटावर शोभेची रोषणाई नको. वाटेसाठी लागतील ते दिवे कमी उंचीचे, खाली तोंड असलेले आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले असावेत.

४. मनोऱ्याच्या दुरुस्तीत सिमेंट आणि प्लॅस्टिक रंग वापरण्यास लेखी मनाई करावी. वीजरोधकाच्या तांब्याच्या पट्टीची आणि जमिनीतल्या जोडणीची तपासणी दर वर्षी मे महिन्यात व्हावी; तिचा रोध १० ओहमपेक्षा कमी असायला हवा.

५. पाऱ्याचं मोजमाप होऊन अहवाल जाहीर होईपर्यंत काचघर पर्यटकांसाठी बंद ठेवावं. त्यानंतरही एका वेळी मोजकेच लोक, सोबत कर्मचारी, आणि भिंगाला हात लागणार नाही असा कठडा.

६. नोंदवह्यांची डिजिटल प्रत काढून एक संच राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे द्यावा.

७. वारसा दर्जाच्या तरतुदीत बंदरांचे दिवे बसत नसतील, तर त्यांच्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी किंवा तरतूद दुरुस्त करावी.

८. दिवा वर्षभरात किती तास बंद होता ते दर वर्षी प्रसिद्ध करावं. सागरी दिशादर्शक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (IALA) निकषांत सर्वांत महत्त्वाच्या दिव्यांसाठी उपलब्धता ९९.८ टक्के धरली आहे. वर्षाचा हिशेब केला तर बंद राहण्याला जेमतेम साडेसतरा तास मिळतात. आपले दोन दिवे या मोजपट्टीवर कुठे आहेत, हे मच्छीमारांना कळायला हवं.

वेळापत्रकाचं एक सांगून थांबतो. जूनमध्ये समुद्र उठला की खांदेरीच्या धक्क्याला बोट लागणं कठीण होतं आणि पावसाळा सरेपर्यंत जड सामान उतरवता येत नाही. म्हणून बॅटरीचे सांधे, सौर पॅनेलवरची पक्ष्यांची विष्ठा, काचघराच्या झडपा, जनरेटरचं डिझेल, सुटे दिवे हे सगळं मे संपण्याआधी पाहून ठेवावं लागतं. पर्यटनाच्या कामाची गडबडही नेमकी त्याच कोरड्या महिन्यांत असणार, आणि बोटीतली जागा आणि बेटावरचं गोडं पाणी तेवढंच. भिंग आणि काचा धुवायचं पाणी आधी बाजूला काढावं, मग बाकीच्या कामाला. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टच्या रात्री थळच्या, वरसोलीच्या, रेवसच्या होड्या पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हा पाऊस असतो, आभाळ भरलेलं असतं. त्या रात्री खांदेरीचा लखलखाट नकाशात छापलेल्या सेकंदांना येतो की नाही, हे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घड्याळ लावून मोजावं आणि आकडा थळच्या बंदरावर लावावा.

आपले,
दीपगृहांच्या यंत्रणेशी आणि कोकणच्या समुद्राशी जोडलेले काही नागरिक